विळा, सुरी, कोयता यांच्या खडबडीत मुठींतला मळ काढताना

पाते बोथट झाले की ते लोहाराकडून पाजवून आणले जाते, पण मुठीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शेतातला विळा असो, स्वयंपाकघरातली सुरी असो की कुंपणाच्या काट्या तोडायचा कोयता असो, त्याची मूठ मुद्दाम खडबडीत ठेवलेली असते. बाभळीच्या लाकडावर तिरप्या खाचा पाडतात, बांबूचे पेर न तासता तसेच राखतात, म्हशीच्या शिंगाच्या वळ्या अर्ध्याच घासतात. घामेजलेल्या हातातून हत्यार निसटू नये, हा त्यामागचा हेतू. वर्षभर माती, घाम, चीक, डिंक, चरबी आणि दसऱ्याचे हळदकुंकू नेमके याच खाचांमध्ये साचत जाते. खाचा भरल्या की मूठ वरून तुळतुळीत दिसू लागते, आणि पुष्कळांना तोच चांगल्या वापराचा खुणेचा रंग वाटतो. प्रत्यक्षात पकड गेलेली असते आणि ओल्या हाताचे बोट पात्याकडे घसरण्याची तयारी झालेली असते.

हे साचलेले काढायचे आणि मुठीचा पोत मात्र जसाच्या तसा राखायचा, असे हे काम आहे. पॉलिश पेपर किंवा तारेची घासणी घेऊन मूठ खरडून काढणे सोपे वाटते, पण त्यात मळाबरोबर खाचाही जातात आणि लाकडाचे तोंड नव्याने उघडे पडून पुढचा मळ अधिक खोल शिरतो. म्हणून हात लावण्याआधी दोन गोष्टी ओळखाव्यात: मूठ कशाची आहे आणि तिच्यावर बसलेले काय आहे. एका मुठीला मानवणारा उपाय दुसऱ्या मुठीचे नुकसान करतो.

मूठ ओळखणे

विदर्भात गावाकडच्या हत्यारांना बहुधा बाभूळ, सागवान, शिसव, धावडा किंवा तिवस यांचे लाकूड असते. सागवानात अंगचे तेल असल्यामुळे ते पाण्याला थोडेफार दाद देत नाही. बाभळीत तुरट द्रव्य (टॅनिन) भरपूर असते आणि ओल्या लोखंडाशी त्याची गाठ पडली की काळा डाग धरतो. पात्याजवळच्या चार बोटांच्या भागात बाभळीची मूठ काळी दिसते ती बऱ्याचदा मळामुळे नव्हे, तर या डागामुळे. तो घासून जात नाही, त्याचा वेगळा विचार पुढे केला आहे.

गडचिरोली, चंद्रपूर आणि मेळघाटच्या बाजूचा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे त्याची मूठ चांगली होते. तिची साल चिवट आणि पाणी न पिणारी असते, पण कापलेले टोक मात्र उघड्या नळ्यांच्या जुडीसारखे पाणी ओढून घेते. बांबूच्या मुठीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्वच्छ करून ठेवल्यावर दोन-चार दिवसांनी खाचेत पुन्हा फिकट पिवळी, मैद्यासारखी बारीक भुकटी दिसली, तर तो राहिलेला मळ नाही. आत भुंगा लागलेला आहे. तिथे ब्रश चालवून उपयोग नाही. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे शोधावीत आणि ती पुष्कळ असतील तर मूठ बदलावी.

शिंग, हाड आणि सांबराचे शिंग या तीन गोष्टींत लोक गल्लत करतात, आणि ती गल्लत इथे महागात पडते. म्हशीचे शिंग हे आपल्या नखासारख्याच द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे असते. उजेडासमोर धरल्यास त्याची पातळ कड किंचित पारदर्शक दिसते आणि त्यात लांब रेषा असतात. हाड पांढरट, अपारदर्शक असते आणि भिंगातून पाहिल्यास त्यावर बारीक काळपट ठिपके किंवा रेघोट्या दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या जागा असतात. सांबराचे शिंग हे मुळात हाडच असते, वरून खोल पन्हाळी आणि गाठी, आत स्पंजासारखा गाभा. केराटिनला सोडा, राख, चुना यांसारखे अल्कधर्मी पदार्थ आणि उष्णता मानवत नाही. हाडाला आणि सांबरशिंगाला लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचा आंबटपणा मानवत नाही, कारण त्यांतला चुनखडीसारखा भाग आम्लात विरघळतो.

सांबरशिंगाबद्दल कायद्याची बाब इथेच सांगून टाकणे योग्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबर आणि चितळ संरक्षित आहेत; त्यांची शिंगे दरवर्षी आपोआप गळतात हे खरे असले, तरी जंगलात पडलेले शिंग उचलून घरी आणणे गुन्हा ठरतो, आणि घरात असलेली जुनी वस्तू बाळगण्यासाठीही मालकीचा दाखला लागतो. तेव्हा खाली सांबरशिंगाविषयी जे आले आहे ते अशा दाखला असलेल्या जुन्या वस्तूपुरतेच समजावे. नवी मूठ बसवायची असेल तर लाकूड, बांबू आणि म्हशीचे शिंग पुरेसे आहे.

मुठीचे तोंड कशाने भरले आहे

मळ काढायला बसण्याआधी पाते मुठीत कसे धरले आहे तेही पाहावे. जुन्या सुऱ्या आणि विळ्यांमध्ये पात्याचा निमुळता भाग मुठीत घालून भोवती तापवलेली लाख किंवा राळ भरलेली असते आणि वर लोखंडी शेंबी, म्हणजे मुठीच्या तोंडावरचे कडे, ठोकलेली असते. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर लाख घेतली जात असल्याने आपल्या भागात ही पद्धत सहज रुळली असावी, असा माझा समज आहे. ते काही असले तरी लाखेचे गुण ठाऊक असणे गरजेचे आहे. ती साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरीच आधी मऊ पडते, स्पिरिटमध्ये विरघळते, धुण्याच्या सोड्यानेही सुटते. म्हणजे मळ निघावा म्हणून सुरी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात उभी करणे, सॅनिटायझरने मुठीचे तोंड पुसणे किंवा सोड्याच्या पाण्यात भिजत घालणे, या तिन्ही गोष्टींनी मूठ स्वच्छ होण्याआधी पाते डुगडुगू लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि उन्हात पडलेले लोखंड त्याहून कितीतरी जास्त तापते, म्हणून सुरी पत्र्यावर वाळत टाकणेही टाळावे.

शेंबीच्या कडेला बोटाने दाबून पाहिले की कळते: तपकिरी-काळसर, काचेसारखा तुकडा तुटत असेल तर लाख आहे. पितळी किंवा लोखंडी खिळे (रिव्हेट) मारून दोन फळ्या बसवलेल्या असतील तर ही भीती नाही, पण खिळ्यांच्या भोवतीची फट हा मळाचा दुसरा अड्डा असतो.

हाताशी काय घ्यावे

विकत आणायचे फारसे काही नाही. कडुनिंबाची किंवा बाभळीची ताजी काडी चावून तिचा कुंचला केला, म्हणजे दात घासायचे दातण, की खाचांसाठी त्याहून चांगले साधन मिळत नाही. त्याचे तंतू मुठीपेक्षा मऊ असतात आणि टोक हवे तेवढे बारीक करता येते. जुना दातांचा ब्रशही चालतो. खोल रेघांसाठी तुऱ्हाटीची काडी तिरपी कापून घ्यावी. लोखंडी सुई, खिळा किंवा चाकूचे टोक वापरू नये, ते सरकले की नवी खाच पडते. याशिवाय सुती चिंध्या, थोडा कापूस, ज्वारीचे पीठ, रिठे, एक वाटी कोमट पाणी आणि शेवटी लावायला जवसाचे तेल. सुरुवात करण्यापूर्वी पाते तरटात गुंडाळून सुतळीने घट्ट बांधावे. मुठीवर लक्ष असताना कापून घेण्याचे प्रकार सर्वांत जास्त होतात.

आधी कोरडे, मग ओले

आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी चिकटते, वाळली की आक्रसून तडकते. हा तिचा स्वभाव मूठ साफ करताना कामाला येतो. शेतातून आलेला विळा लगेच बादलीत बुडवला तर खाचेतल्या मातीचा चिखल होतो आणि घासताना तो लाकडाच्या छिद्रांत आणखी आत जातो. त्याऐवजी विळा रात्रभर सावलीत, वारा लागेल असा टांगून ठेवावा. सकाळी मूठ फळीवर हलकेच आपटली तर मातीच्या पापड्या स्वतःहून सुटतात. उरलेली माती दातणाने कोरडीच झाडावी, खाचेच्या दिशेने, आडवी नव्हे. निम्म्याहून अधिक काम इथेच होते, आणि पुष्कळ मुठींना याच्यापुढे काही करावेही लागत नाही.

घामाचा थर मात्र कोरडा निघत नाही. घाम, त्वचेचे तेल आणि धूळ एकत्र वाळून जो काळपट, नखाने खरवडल्यास मेणासारखा गुंडाळला जाणारा थर होतो, त्यासाठी रिठ्याचे पाणी उत्तम. चार-पाच रिठ्यांच्या साली कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्कराव्यात. फेस तेवढा ब्रशावर घ्यावा, पाणी नव्हे. एका वेळी दोन बोटांएवढ्याच जागेवर फेस फिरवावा, लगेच ओलसर चिंधीने पुसावा आणि त्यामागून कोरड्या चिंधीने. चिंधीवर तपकिरी रंग उतरायचा थांबला की थांबावे. जुन्या लाकडाचा स्वतःचा गडद रंग हा मळ नाही, तो काढायचा आग्रह धरू नये. खाच बोटाला लागते आहे ना, एवढेच पाहावे. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण याच कामासाठी लोक वापरतात, पण ते लाकडातले तेल ओढून घेतात आणि शिंगावर तर पांढुरका कोरडेपणा आणतात. चुलीची राख पात्याला ठीक आहे, शिंगाच्या मुठीला लावू नये.

चीक आणि डिंक

इथे थोडे थांबावे लागेल, कारण गावाकडच्या हत्यारांवरचा सर्वांत हट्टी थर हाच असतो. झाडातून येणारे सगळे चिकट पदार्थ एका जातीचे नसतात. बाभूळ, धावडा, कडुनिंब यांचा डिंक पाण्यात विरघळतो. कैरीचा चीक आणि राळ यांना पाणी लागत नाही, त्यांना तेल लागते. सालईचा डिंक या दोहोंच्या मधला, थोडा पाण्याला आणि थोडा तेलाला दाद देणारा. वड, रुई यांचा चीक वाळला की रबरासारखा होतो.

ओळखण्याची युक्ती साधी आहे. थराच्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवून पाच-सात मिनिटे वाट पाहावी. जागा बुळबुळीत झाली तर तो डिंक आहे. पाणी नुसतेच गोल थेंब होऊन बसले तर तो चीक किंवा राळ.

डिंक असेल तर ओली चिंधी पिळून थरावर गुंडाळून ठेवावी, मूठ पाण्यात बुडवू नये. अर्ध्या तासात थर फुगून जेलीसारखा होतो आणि तुऱ्हाटीच्या काडीने सलग उचलला जातो. घाई केली तर तो पसरतो. पळसाचा तांबडा डिंक तुरट असतो, ओला असताना लोखंडाला लागला की काळा होतो. म्हणून तो भिजवताना शेंबीकडची बाजू कोरडी राखावी.

कैरीचा चीक लोणच्याच्या दिवसांत सुरीच्या मुठीवर ओघळतो आणि वाळल्यावर काळसर, चकाकणारा होतो. तो त्वचेलाही भाजतो, तेव्हा हाताला आधी तेल चोळून घ्यावे. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल कापसाने थरावर लावून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे, मऊ झालेला चीक दातणाने सोडवावा आणि मग त्या जागेवर ज्वारीचे कोरडे पीठ भुरभुरून चोळावे. पीठ सुटलेला चीक आणि जादा तेल दोन्ही शोषून घेते. हे पीठ खाचांतून पूर्णपणे झाडून काढणे आवश्यक आहे, नाहीतर पंधरा दिवसांत तिथे किडे येतात. रबरासारखा झालेला चीक असेल तर आधी बोटानेच गोळी करून ओढून पाहावा. पुष्कळदा तो लांब तारेसारखा निघून येतो.

नागपुरी संत्र्याची साल इथे उपयोगी पडते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. सालीतल्या बारीक पिशव्यांत जे तेल असते ते राळ आणि चिकट गोंद विरघळवते. ताज्या सालीचा तुकडा बाहेरची बाजू थराकडे करून दुमडला की तेलाचा फवारा उडतो. दोन-तीन वेळा असे करून मिनिटभराने पुसावे. रस लागू देऊ नये, विशेषतः हाडाच्या मुठीला. फळीला आणि विळ्याला गुंडाळलेली इन्सुलेशन टेप उन्हात वितळून जो काळा, बोटांना तारा धरणारा गोंद मागे ठेवते, त्यावर हाच उपाय सर्वांत चांगला. नव्या सुरीवरच्या किमतीच्या स्टिकरलाही तो चालतो. साल नसेल तर खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवावे. पेट्रोलने गोंद झटपट जातो, हे खरे. पण ते लाकडात मुरते, दिवसेंदिवस वास देते आणि चुलीजवळ वापरल्या जाणाऱ्या वस्तूला ते लावणे मला तरी पटत नाही.

बिब्ब्याचा प्रकार निराळा. बिब्बे फोडून गोडंबी काढताना सुरी किंवा अडकित्त्याच्या मुठीला जे काळे तेल लागते, ते वाळल्यासारखे दिसले तरी अंगावर फोड आणते. हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवून आधी कोरडी माती थरावर चोळावी, मग तेलाच्या कापसाने पुसावे, मग रिठ्याचा फेस. वापरलेला कापूस पुरावा. जाळू नये, त्याचा धूरही त्रास देतो. ज्या घरात बिब्बे नियमित फोडले जातात तिथे त्यासाठी एक हत्यार वेगळेच ठेवलेले बरे.

चरबी आणि हिरवे मेण

मांस कापण्याच्या सुरीच्या मुठीत चरबी मुरते आणि खवट वास धरते. ज्वारीचे पीठ किंचित कोमट करून मुठीवर दाबून कापडात बांधून रात्रभर ठेवले की ती बरीच वर येते. एका रात्रीत वास गेला नाही तर पीठ बदलून पुन्हा करावे, आणि मगच रिठ्याचा फेस लावावा. फेस आधी लावला तर चरबी ओली होऊन आत पसरते.

पितळी खिळे असलेल्या मुठीत याच चरबीचे आणखी एक रूप दिसते. खिळ्याच्या कडेने हिरवट, मेणासारखा मऊ थर जमतो. पितळेतले तांबे आणि चरबीतली आम्ले यांच्या संयोगाने तो तयार होतो; बुरशी समजून तो उन्हात ठेवण्यात अर्थ नाही. काडीच्या टोकाने तो अलगद उचलावा, थोडे तेल लावलेल्या कापसाने जागा पुसावी आणि हात साबणाने धुवावेत, कारण तो पोटात जाणे बरे नव्हे. चिंचेने पितळ चमकते म्हणून तिथे चिंच चोळण्याचा मोह होईल, पण खिळ्याभोवती हाड किंवा सांबरशिंग असेल तर चिंचेचा आंबटपणा फट रुंद करून ठेवतो.

दसऱ्याची पूजा

खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारांची पूजा होते आणि मुठींना हळदकुंकू, कुठे तेलात कालवलेला शेंदूर लागतो. तो श्रद्धेचा भाग आहे, त्यामुळे पूजेचे दिवस संपेपर्यंत त्याला हात लावण्याचा प्रश्न नाही. पुढे जेव्हा हत्यार कामाला काढाल तेव्हा तीन रंगांना तीन रीती लागतात. हळदीला साबण लावला की ती लाल होते, हे प्रत्येक घरात माहीत असते. म्हणून तेलाच्या कापसाने ती पुसावी आणि उरलेला पिवळेपणा सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर मूठ धरून घालवावा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. कुंकू कोरडेच झाडले तर बहुतेक निघते. पारंपरिक शेंदूर मात्र शिशाचे ऑक्साइड असतो, तेव्हा तो कधीही कोरडा खरवडू नये, त्याची धूळ उडवू नये. तेलाने मऊ करून चिंधीत टिपावा, ती चिंधी पुरावी आणि स्वयंपाकाच्या सुरीला शेंदूर लावूच नये.

काळा डाग, बुरशी, फवारणी

बाभळीवरचा लोखंडाचा काळा डाग लिंबाच्या फोडीने फिका पडतो, पूर्ण जात नाही. फोड त्याच जागेवर पाच मिनिटे चोळून लगेच ओल्या आणि नंतर कोरड्या चिंधीने पुसावे. आंबटपणा राहिला तर तोच पुढे शेंबीला गंज आणेल. बाजारात ऑक्झॅलिक आम्लाची पूड मिळते आणि तिने डाग चटकन उडतो, परंतु ती विषारी आहे, आणि अन्नाला लागणाऱ्या हत्याराच्या सच्छिद्र मुठीवर ती वापरू नये. खरे पाहता हा डाग निरुपद्रवी असतो. पकड चांगली असेल तर तो राहू द्यावा.

पावसाळ्यात कोपऱ्यात पडलेल्या मुठींवर पांढरी-हिरवट बुरशी येते. ती घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, ओलसर चिंधीने टिपावी. लाकडी मुठीवर नंतर निम्मे पाणी घातलेले व्हिनेगर पुसता येते. शिंगाच्या मुठीवर स्पिरिटचा बोळा एकदाच फिरवावा, पण लाखेपासून दूर. शिंगात बारीक खड्डे पडलेले दिसले तर ती बुरशी नसून शिंग खाणाऱ्या किड्याची करणी असते, अशी मूठ इतर वस्तूंपासून वेगळी ठेवावी.

कीटकनाशकाबद्दल मी कसलाही घरगुती उपाय सांगणार नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली, काहींचे प्राण गेले, ते आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. औषधाची पुडी किंवा डबा कापायला जी सुरी वापरली, तिचे पाते धुता येते, पण खाचांच्या लाकडी मुठीत मुरलेले औषध निघाले की नाही हे डोळ्यांनी कळण्याचा मार्ग नाही. अशी सुरी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये. तिच्या मुठीला लाल रंगाचा पट्टा मारून ती फवारणीच्या सामानातच, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी.

वाळवणे आणि तेल

स्वच्छ झालेली मूठ लगेच तेलात माखू नये. आत ओल असताना वरून तेल लावले तर ओल कोंडली जाते आणि आठवड्याभरात कुबट वास येतो. सावलीत, पाते खाली करून, किमान एक पूर्ण दिवस टांगावी. पावसाळ्यात दोन-तीन दिवस. चुलीच्या आढ्यावर ठेवल्यास लाकूड तडकते आणि शिंग वाकते.

तेल निवडताना एक भेद लक्षात घ्यावा. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते, म्हणजे खाचांवर पातळ आवरण धरते. खोबरेल, करंज ही तेले वाळत नाहीत, ती ओलीच राहून धूळ धरतात. मोहाच्या बियांचे तेल तर थंडीत थिजते आणि खवट होते. विदर्भात जवस पिकतो, घाण्यावरचे तेल मिळते, तेव्हा दुसरीकडे बघायचे कारण नाही. रंगाच्या दुकानातले उकळलेले जवस तेल लवकर वाळते, पण त्यात वाळवण्यासाठी धातूंची द्रव्ये घातलेली असतात, म्हणून ते शेतातल्या कुऱ्हाडीच्या दांड्याला ठीक, सुरीला नाही.

लाकडी आणि बांबूच्या मुठीला कापसाच्या बोळ्याने तेलाचे अगदी थोडे बोट फिरवावे, खाचेत थेंब साचू देऊ नये. बांबूच्या कापलेल्या टोकाला मात्र दोन-तीन वेळा, पिईल तेवढे पाजावे. अर्ध्या तासाने कोरड्या चिंधीने जोर लावून जादा तेल काढावे. शिंगाला तेलाचा हलका हात पुरे, हाडाच्या मुठीला शक्यतो न लावलेलेच बरे, कारण हाड ते पिऊन पिवळे पडते. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत: जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळा घट्ट असेल तर ती आत कोंडून चिंध्या स्वतःहून पेट घेऊ शकतात. कापसाचे किंवा कडब्याचे ढीग जवळ असलेल्या घरात तर याची विशेष काळजी घ्यावी. चिंध्या अंगणात एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

घाण्याचे तेल वाळायला आठवडा-पंधरवडा लागतो. त्या काळात मूठ वापरू नये. नंतर खाचेवरून बोट आडवे फिरवून पाहावे. खडबड लागली आणि बोट चिकटले नाही तर काम झाले. चिकटले तर तेल जास्त झालेले आहे. अशा वेळी शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब चिंधीवर घेऊन जागा मऊ करावी, ज्वारीच्या पिठाने पुसून काढावी, पीठ झाडावे आणि मूठ पुन्हा टांगावी.